फॅक्टरीतून निघाला तसा

सण जवळ आला की शेजारच्या काकू घर साफ करायला घेतात आणि मनोहरकाका कॉम्प्युटर पुसून कोरा करतात.

"आत साचलेलं सारं काढून टाकाचं. फॅक्टरीतून निघाला तसा झाला पाह्यजे!"

काका जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. वस्तू तयार होते तेव्हा चांगलीच असते, ती बिघडते माणसाच्या घरी येऊन, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. शहापूरच्या न्हाव्यालाही ते सांगतात, "लग्नात होतो तसा कर." न्हावी बिचारा उरलेल्या केसांकडे पाहत राहतो.

पुसायच्या दिवशी काका आंघोळ करून बसतात. लाइट कमी पडू नये म्हणून भिंतीवरून आम्हालाही बजावतात, "मोटर नका लावू वो आज!" एकदा मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात गेले. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला. काका शांतपणे म्हणाले, "लग्न तर झालं ना? ते कुठं पुसलं मी?"

काकू म्हणायच्या, "मलेही करा एकदा माहेरून आली तशी."

"तुह्या माहेरची फॅक्टरी कधीचीच बंद पडली!"

या दिवाळीला मात्र काकांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. तो इतका मंद झाला होता की सुरू करून काकू भाजी निवडून यायच्या. मुलगाही म्हणाला, "बाबा, पुसून टाका." काका म्हणाले, "चालून राहिला ना? काहून घाई करतो?"

मी दुपारी काकूंजवळ भजनं ऐकायला बसते. साखरेमुळे त्यांची नजर गेल्या वर्षभरात फार कमी झाली आहे. पडद्यावरची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. पण डाव्या कोपऱ्यात भजनं, त्याखाली नातीचे व्हिडिओ, उजवीकडे पत्त्यांचा खेळ, हे त्यांच्या हाताला पाठ आहे. अंधारात मिठाचा डबा सापडावा तसं. कोरा केला की ही मांडणी मोडणार.

मग कॉम्प्युटर रोजच मध्येच अडकायला लागला. काकू बहिणीकडे लाखांदूरला गेल्या, त्या दिवशी काकांनी मला हाक मारली.

"सुमन, ये बरं जरा. भजनं, व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले. पण कोणतं कुठं होतं ते मले समजून नाही राहिलं. तू तर बसते तिच्यापाशी."

त्यांनी आधी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला होता. त्यात काचेवर चमकलेलं काकांचं बनियनच उमटलं होतं.

पुसायला दुपार गेली. मग काका एकेक चित्र सरकवत होते आणि मी सांगत होते.

"इथं?"

"थोडं खाली."

"एवढं?"

"हो. बस."

सगळं झाल्यावर काकांनी डोळे मिटले, माउसवरचा हात काकूंसारखा फिरवला आणि बटण दाबलं. पत्ते उघडले. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा भजन लागलं.

काकू आल्या. चहासुद्धा न घेता बसल्या. पहिल्याच दाबात भजन सुरू झालं.

"अवो, आज लवकर लागलं!"

"थंडी पडली ना," काका दारातून म्हणाले. "थंडीत चांगला चालते तो."

काकूंनी मग नातीचा व्हिडिओ लावला. नात नाचत होती. काका मागे येऊन उभे राहिले, पण नातीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते काकूंच्या हाताकडे बघत होते.