दहावर अडकलेलं घड्याळ

चष्म्याच्या दुकानासमोर गाडी लावून जावयानं तिच्या पुढच्या काचेमागे एक पुठ्ठ्याचं घड्याळ ठेवलं आणि काटा दहावर केला. मागे सासरे बसले होते. मुलीकडे परदेशात येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस इथे दिवसभर नुसता खिडकीत बसून असायचा. ‘बाबांना जरा बाहेर न्या,’ असं बायकोनं बजावलं होतं.

“तो फलक बघितलात? इथे एकच तास गाडी ठेवता येते. आलो ती वेळ यावर लावायची. मी पंधरा मिनिटांत आलोच.”

सासऱ्यांनी मान हलवली. ऐकलं काहीच नव्हतं; ते काट्याकडे बघत होते.

चाळीस मिनिटं झाली तरी त्या घड्याळात दहाच. सासऱ्यांनी काटा पुढे सरकवून पाहिला, पण तो सरकवला तिथेच. ढिम्म. शेवटी खिशातल्या चिमट्यानं त्यांनी ते उघडलं. आत पुठ्ठ्याची एक चकती, बाकी शुकशुकाट.

“फसवलं जावयाला,” ते पुटपुटले आणि घड्याळ मिटून काटा पुन्हा दहावर आणून ठेवला. दुरुस्त होत नसेल तर वस्तू आली तशी परत करायची, हा धंद्याचा नियम.

सव्वाअकराला पार्किंगचा तपासनीस आला. त्याच्या मनगटावर मात्र अकराला दहा कमी होते. फलक, पुठ्ठा, मनगट असं बघून तो समाधानानं निघाला, तोच खिडकीतून हात बाहेर काढून सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं आणि स्वतःचं घड्याळ शेजारी नेलं. तपासनिसाचा चेहरा उतरला. त्यानं मुकाट्यानं घड्याळ काढून दिलं.

“चक्रात केस अडकलाय बघ,” डोळ्याला भिंग लावून सासरे मराठीतच म्हणाले. त्यालाही ते कळलं असावं.

जावई धावत आला तेव्हा तपासनीस दुरुस्त घड्याळ कानाशी धरून हसत होता. त्यानं सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग घड्याळाकडे पाहिलं. मग पुठ्ठ्याकडे. पुन्हा घड्याळाकडे. आणि जड हातानं पावतीपुस्तक काढलं.

“माझ्या घड्याळात अकरासुद्धा वाजले नव्हते,” तो जावयाला आपल्या भाषेत म्हणाला, “यांनी वेळ बरोबर लावून दिली. आता माझा इलाज नाही.”

दंडाची पावती हातात घेऊन जावई गाडीत बसला. “बाबा, कशाला हात लावलात?”

“पंचवीस मिनिटं मागे होतं हो. तसंच कसं जाऊ द्यायचं?” सासऱ्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. तीन आठवड्यांत त्यांचा आवाज इतका खणखणीत लागला नव्हता. “त्याच्या साहेबाचंही मागे पडतंय वाटतं, खुणेनं सांगत होता. उद्या गाडी इथेच लावा.”