पाचशे फुटांच्या आत

टॅव्हिस व्हिटलॉक एकोणिसाव्या वर्षी खिशातल्या चिमूटभर गांजापायी तुरुंगात गेला. त्या डागामुळे पुढे त्याला कुठे धड नोकरी लागली नाही. आता सरकारच औषधी गांजाच्या दुकानांचे परवाने देत होतं आणि पूर्वी अशी शिक्षा भोगलेल्यांचा त्यात पहिला हक्क होता. त्याच्या दुकानाला तात्पुरती मंजुरी आली तेव्हा त्याची आई अर्नेस्टीन चुलीपाशी उभी राहून रडली. मग देवाचे आभार म्हणून तिने गॅरेजवर मोठी पाटी लावली : ‘कृपा प्रार्थनाघर’. दर मंगळवारी ती आणि शेजारच्या तिघी तिथे प्रार्थनेला बसतच. पाटी तेवढी नवी.

गॅरेज टॅव्हिसच्या या होऊ घातलेल्या दुकानाच्या मागेच होतं. प्रार्थनास्थळापासून पाचशे फुटांच्या आत असलं दुकान चालत नाही, असा शहराचा नियम. कोणीतरी पाटीचा फोटो परवाना कचेरीत पोचवला.

“ममा, आधी ती पाटी काढ!”

“पाटी काढते. देवाला कुठे ठेवू?”

“गुरुवारी तपासनीस बाई येतेय. तेवढ्यापुरतं विणकाम मंडळ व्हा.”

“म्हणजे खोटं बोलू?”

“बोलूच नकोस. नुसती वीण.”

चौघींनी बायबलं फ्रीजरमध्ये कोंबडीखाली दडवली. तपासनीस मिस हॉलोवे येऊन बसली. तिने विणकामाचं कौतुक करताच चौघींतली सिस्टर व्हर्नेल प्रार्थनेच्या सवयीने “आमे...” म्हणाली आणि घाईघाईने पुढे “...लिया, लोकर दे गं!” आमेलिया नावाचं तिथे कोणीच नव्हतं.

इतक्यात लोकरीचे तंतू नाकात जाऊन मिस हॉलोवे शिंकली. शिंकेवर ‘देव भलं करो’ हे तिकडे नास्तिकसुद्धा म्हणतो. चौघी गप्प. दुसरी शिंक आली. अर्नेस्टीनचे ओठ हलले, पण दारातल्या टॅव्हिसचा चेहरा पाहून मिटले. तिसऱ्या शिंकेलाही कोणी तोंड उघडलं नाही. मिस हॉलोवेने नाक पुसलं, चौघींकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि ती निघून गेली.

सोमवारी अहवाल आला.

“‘प्रार्थनास्थळ नाही. उपस्थित महिलांमध्ये धर्माचा मागमूसही आढळला नाही.’ ममा, जिंकलो!”

अर्नेस्टीनने कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. आत गेली आणि रविवारची टोपी घालून बाहेर आली.

“कुठे निघालीस?”

“कचेरीत. आयुष्यभर देवाचं नाव घेतलंय मी. माझ्याबद्दल हे असं लिहिलेलं राहू देणार नाही.”

“परवाना जाईल, ममा.”

“ठाऊक आहे.”

ती कठडा धरून सावकाश पायऱ्या उतरू लागली. टॅव्हिस तिच्या पाठीकडे पाहत राहिला.

“तिकडे जायला बस दोनदा बदलावी लागते,” तो शेवटी म्हणाला आणि त्याने गाडीची किल्ली उचलली.