रुपया पडल्याचे पेढे

रुपया घसरला की अख्खा देश सुतकात बसतो, आणि आमच्या गल्लीत पेढे वाटले जातात. वाटणारी बाई एकच, सुमनआक्का. सकाळी सातला दारात हजर. पदराखाली पुडा आणि तोंडात ठरलेला प्रश्न, "सर, पडला का हो?"

एकदा शेजाऱ्यांकडं आलेल्या पाहुण्यानं घाबरून विचारलं, "कोण पडलं? लागलं का फार?" आक्का म्हणाली, "रुपया पडला, पावणं. घ्या, पेढा घ्या." पाहुण्यानं पेढा घेतला आणि तेव्हापासून तो आमच्या गल्लीकडं संशयानंच बघतो.

आता माझं दुखणं सांगतो. मी निवृत्त गणितशिक्षक. तीस वर्षं पोरांना नफातोट्याची गणितं घातली आणि म्हातारपणी बायकोला युरोप दाखवायचं कबूल करून बसलो. सहलवाला म्हणतो, पैसे युरोत धरणार, भराल त्या दिवसाच्या भावानं. म्हणून रुपया चढायची वाट बघत मी दोन उन्हाळे काढले. चढतोय कसला! त्यामुळं आक्काचा पेढा माझ्या घशातच अडकायचा. शेवटी एकदा चिडलो. म्हटलं, "आक्का, देशाचं नुकसान होतंय, आणि तुम्ही पेढे वाटताय?"

"देशाला लई जणं हायत की, सर," ती म्हणाली. "माझ्या सच्याला मी एकटीच हाय."

सच्या म्हणजे सचिन, तिचा एकुलता एक. माझाच विद्यार्थी. सहामाहीला अर्ध्या मार्कानं नापास झाला होता. आक्का शाळेत येऊन भांड भांड भांडली, पण मी काही अर्धा मार्क दिला नाही. पुढं तो वेल्डर झाला, मस्कतला नोकरी लागली. एजंटाचे पैसे भरायला आक्कानं गळ्यातला साज मोडला. एकवीस पानांचा, सोन्याचा, गेलेल्या नवऱ्यानं केलेला. निघताना एस.टी. स्टँडवर सच्या म्हणाला, "आई, असाच साज तुझ्या गळ्यात घातल्याबिगर मी परत यायचा न्हाई." म्हणाला आणि गेला. चार वर्षं झाली. तिकिटात पैसे जातात म्हणून सुट्टीलाही येत नाही. बापाचा हट्ट जसाच्या तसा उतरलाय.

आक्कानं तेव्हाच गुजरीतल्या सराफाकडून साजाची किंमत एका चिठ्ठीवर लिहून आणली होती. सच्या दर महिन्याला ठरलेले रियाल पाठवतो. रुपया पडला की तेवढ्याच रियालचे रुपये जास्त होतात. म्हणजे साज लवकर, म्हणजे पोरगं लवकर. हे तिला मीच शिकवलं, माझी मेली हौस! पण रुपयांचे आकडे तिला नकोच असायचे. "दिवसात सांगा," म्हणायची. मग मी गणित मांडून सांगायचो, "नऊ दिवस कमी झाले, आक्का." ती कॅलेंडरवरचे नऊ दिवस आपल्या हातानं खोडायची आणि पेढे वाटायला जायची.

गेल्या महिन्यात बायकोच्या बांगड्या उजळायला म्हणून गुजरीत गेलो. पाटीवर सोन्याचा भाव बघितला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. आक्काची चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची! सोनं बाहेरून येतं. रुपया पडला की तेही महागणारच. एवढी साधी गोष्ट. आणि मी, गणिताचा मास्तर, रियालचा भाव रोज बदलत राहिलो आणि सोन्याचा तसाच धरून बसलो. घरी येऊन खरं गणित मांडलं. दिवस कमी झालेच नव्हते, उलट वाढले होते. माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी "पडला का?" म्हणत ती आली, तर मी पेपरात तोंड घालून "बघतो, बघतो" म्हणालो.

त्या रविवारी ती आली ती गळ्यात साज घालूनच. एकवीस पानं नुसती झगझगत होती. मी उठूनच उभा राहिलो. "आक्का! अहो, एवढे पैसे..."

"हुपरीचा हाय. चांदीचा. वर सोन्याचं पाणी दिलंय." ती हळू बोलली, तेही मी पहिल्यांदाच ऐकलं. "सोन्याचा भाव मला ठावं हाय, सर. म्हैन्यातनं एकदा गुजरीत चक्कर असती माझी. तुमी एवढं मनापासनं दिवस काढून देता. म्हटलं, कशाला बोला."

"मग पेढे कशाचे वाटत होता?"

"दिवस खोडलं की त्या दिशी जरा बरं वाटायचं." तिनं साजावरून हात फिरवला. "आता न्हाई बघवत वाट. त्याचं पैसं बँकेत हायत, हितं वेल्डिंगचं दुकान काढायला हुतील त्याला. मला सोनं काय करायचंय? तुमी फकस्त एक करा."

काय करायचं ते विचारायच्या आत तिनं व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर सच्या आला. कानशिलावर पांढरे केस दिसायला लागलेत. साज बघून तो पडद्याच्या अगदी जवळ आला. म्हणाला, "आई, एवढ्यात कसं जमलं? सोन्याचा भाव तर..." पोरगं गणितात चांगलंच सुधारलं होतं! आक्कानं फोन माझ्या हातात दिला.

"सर, खरंच सोन्याचा हाय?"

आक्काकडं बघायचं मी टाळलं. "बावीस कॅरेट," मी म्हणालो. "मी स्वतः बरोबर गेलो होतो. समोर वजन करून घेतलंय."

"तुमी म्हणताय म्हंजे असणारच," सच्या म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं. "तुमी कुणाला अर्धा मार्कसुदा खोटा दिला न्हाई, सर. आई, तिकीट काढतो बघ."

आक्कानं पदराखालचा पुडा सोडला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. त्याही दिवशी तो माझ्या घशाखाली उतरेना.

युरोपचे पैसे मी त्याच दुपारी भरून टाकले. रुपया चढला होता की पडला होता, ते बघितलं नाही.