सोपानकाकांच्या बटणांची नावं

सोपानकाका मोबाइल घेताना आधी त्याच्या काचेवर टिचकी मारतात आणि कानाशी धरतात. टरबूज निवडावं तसं. नांदेडच्या माझ्या दुकानात त्यांनी एकदा अकरा फोन असे वाजवून बघितले. मी वैतागून म्हणालो, "काका, पिकलेला हवाय का कच्चा?"

"बोलणारा द्या. मुका आमच्या काय कामाचा?"

काकांना जन्मापासून दिसत नाही. एका सरकारी कचेरीत ते टेलिफोन ऑपरेटर होते. हयातभर बटणांचा फोन वापरला आणि रिटायर झाल्यावर ही सपाट काच हातात घ्यायची हौस आली.

माझा त्यांच्यावर एक जुना राग आहे. लोह्याहून मी एक पिशवी घेऊन आलो, फुटपाथवर चार्जर विकत विकत दुकान उभं केलं. भाव करण्यात मला कुणी हरवलं नव्हतं. काकांनी हरवलं. मी किंमत सांगितली की ते "होल्ड करा" म्हणत आणि हाताची घडी घालून गप्प बसत. समोरचा बोलेना की मला दम निघत नाही. मीच बोलत गेलो, मीच खाली उतरलो, वर कव्हर फुकट दिलं. नंतर चौकात सांगत फिरले, "बालाजी शेठ लई दिलदार!" दिलदार म्हणे. अजून आठवलं की डोकं फिरतं.

फोन शिकवायला मी बसलो आणि दोन दिवसांत तेच मला शिकवू लागले. त्यांच्या फोनवर बोट टेकवलं की तो तिथलं नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली तरच काम करतो. मी सवयीनं एकदाच दाबायचो आणि भडकायचो. "घाई कशाला?" काका म्हणायचे. "आधी कोण बोलून राहिलंय ते तर ऐका." स्क्रीन मात्र कायम काळी. "मला उजेड काय करायचा? बॅटरी कशाला जाळू?"

त्या काळ्या स्क्रीननंच घात केला असता.

मागच्या महिन्यात शेजारच्या सलूनमध्ये दाढी करून ते थेट माझ्याकडे आले. तोंड उतरलेलं. "शेठ, फोन बोलंना."

स्क्रीन काळी, आवाज नाही. ते ती काळीच ठेवतात हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. वीस ठिकाणी दाबलं, काच पुसली, परत दाबलं.

"गेला, काका. सगळं पुसून नव्यानं चालू करावा लागंल."

"पुसू नका. त्यात माणसं हायती."

"नंबर मी भरून देतो हो!"

"नंबर न्हाईत, शेठ. माणसं." काकांनी काउंटरची कड घट्ट धरली.

मला हे लाड सहन होईनात. मी बाजूची बटणं दाबून धरणार, तेवढ्यात सलूनवाला गणपत वस्तरा घेऊन धावत आला.

"शेठ, माझा स्पीकर हजेरी घेऊन राहिला! कदम बाबू, जोशी बाई, शेख साहेब! गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठलं!"

मी फोन खालीच ठेवला. दाढी करताना गाणी ऐकायला काकांनी तो ब्लूटूथनं गणपतच्या स्पीकरला जोडला होता, तसाच राहिला. काच मी इथं दाबत होतो, बोलणं तिथं होत होतं. गणपतनं जाऊन स्पीकर बंद केला आणि फोन काकांच्या हातात बोलू लागला. काका मटकन स्टुलावर बसले. मीही बसलो.

"पण हे कदम बाबू कोण?" मी विचारलं.

काका लाजले. गाण्यांचं ॲप बनवणाऱ्यानं त्यातली बटणं बिननावाची सोडली होती. बोट टेकवलं की फोन म्हणे, "नाव नसलेलं बटण." मग काकांनीच नावं दिली. गाणं सुरू करणारं कदम बाबू, पुढचं जोशी बाई, मागचं शेख साहेब. सगळी कचेरीतली.

"जन्मभर यांचे फोन जोडून दिले. रिटायर झालो अन् एकाचाबी फोन येईना. म्हणलं, नावं तरी कानावर पडतील."

मी उगाच काउंटर पुसत राहिलो.

"एक बटण राहिलंय," काका म्हणाले. "झोपताना गाणी बंद करायचं. रोज शेवटी तेच दाबतो. तुमचं नाव टाकू का?"

"टाका. पण बालाजी शेठ असं पुरं टाका."

"न्हाई. नुसतं बालाजी. घरच्या माणसाला कुणी शेठ म्हणतं का?"