फादर कोलमन यांचा पाव

नुआलाने हात लावला आणि पीठ फुगलं नाही, असं किलब्रॅक गावात आजवर घडलं नव्हतं. निदान तिचं स्वतःचं म्हणणं तसं होतं. त्यामुळे फादर कोलमन साठीचे होणार हे कळताच तिने चर्चच्या बायकांसमोर जाहीर करून टाकलं, "पाव मी करणार. बिनगव्हाचा. आणि वर भाज्यांनी आपलं चर्च काढणार."

फादरना गव्हाचा कणही सोसत नसे. बारा वर्षं गावातल्या प्रत्येक बारशाला, लग्नाला, मयताला ते कोपऱ्यात नुसता चहा घेऊन उभे, आणि बाकीचे त्यांच्यादेखत केक हाणतायत. नुआलाला ते बघवत नसे.

"वहिनी, झेपेल ना?" नणंद ग्रान्याने विचारलं. ती विचारायची तेव्हा उत्तर तिने आधीच ठरवलेलं असायचं.

वाढदिवसाच्या शनिवारी सकाळी नुआलाने तांदळाचं पीठ, बटाट्याचं सत्त्व आणि चिकटपणासाठी इसबगोल एकत्र करून मळायला घेतलं. ते मळलं जाईना. उलट कोपरापर्यंत चढलं. नवरा फर्गल डोकावला.

"अगं, पाव करतेयस की भिंतीला गिलावा?"

"तू बाहेर हो आधी."

शेवटी तिने ते सरळ ट्रेमध्ये ओतलं. चित्र मात्र देखणं उतरलं. मधोमध लाल ढोबळी मिरचीचा मनोरा, दोन बाजूंना काळ्या ऑलिव्हच्या खिडक्या, मागे रोझमेरीची दाट झाडी, खाली कांद्याच्या अर्ध्या चकतीचं दार.

पाऊण तासाने ट्रे बाहेर काढला आणि ती मटकन खुर्चीत बसली. पाव मधेच टम्म फुगला होता. मनोरा आखडून जाडजूड झाला होता. झाडी घसरून खिडक्यांवर टेकली होती.

फर्गलने मान तिरकी करून पाहिलं. "हे फादर आहेत."

"गप बस."

"भुवया बघ ना. आणि नाक."

त्या नाकाबद्दल गावात सगळे बोलत. फक्त फादरांसमोर कुणी बोलत नसे.

दुसरा पाव करायला वेळ नव्हता. नुआलाने त्याच्यावर फडकं टाकलं आणि चर्चच्या हॉलमध्ये नेऊन तो किटल्यांच्या मागे दडवला. पण नणंदेची नजर.

"वहिनी, एवढं झाकून काय ठेवलंय?" म्हणत ग्रान्याने फडकं ओढलं.

कुणीतरी खोकलं. नेमके तेव्हाच फादर पुढे आले, चष्मा लावला, आणि पावाकडे बराच वेळ बघत राहिले. नुआलाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"अरे," फादर म्हणाले, "हे तर आपले बिशप. हुबेहूब." त्यांनी सुरी उचलली आणि नाकाचा भला मोठा तुकडा कापला. "इतकी वर्षं यांची बोलणी खाल्ली. आज यांनाच खातो."

हॉल हशाने दणाणला. फादरनी दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. डोळे मिटून, सावकाश चावत. ग्रान्यासुद्धा चव घ्यायला पुढे सरकली, तर त्यांनी ट्रे अलगद आपल्याकडे ओढला.

सगळे पांगल्यावर उरलेला पाव कागदात गुंडाळून घेत फादर दारापाशी थांबले.

"नुआला, बिशपना भुवयाच नाहीत. तुला ठाऊक आहे ना?"

तिचा चेहरा ढोबळी मिरचीसारखा झाला. "फादर, मी खरंच चर्च काढलं होतं."

"असेल. पाव उत्तम होता." ते पायरी उतरले, पुन्हा वळले. "पण एक खरं सांग. माझं नाक एवढं मोठं आहे?"

पाद्र्याशी खोटं बोलणं नुआलाच्या रक्तात नव्हतं.

"भाजताना थोडं आखडलं, फादर," ती म्हणाली.