सदूकाकांचं न मिळणारं यान

कशेळ्यात नवा माणूस आला की सदूकाकांच्या अंगणापाशी एकदा तरी थबकतो. दोरीवर एक लुंगी, एक टॉवेल आणि मधोमध चिमट्यांनी लटकवलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी वाळत असतात. चौकटींना वालाच्या शेंगांसारखे बारीकबारीक भाग चिकटलेले. कुठे पंख, कुठे तोफ, कुठे चिमुकली खिडकी. "साच्याचं तेल असतं गं त्याला," काका सांगतात. "साबणानं धुतलं नाय तर रंग धरत नाय." एकदा आभाळ भरून आलं म्हणून आमच्या सासूबाईंनी शेजारधर्माने सगळं वाळवण आत आणलं आणि सवयीने घड्या घालायला बसल्या. एका अवकाशयानाचं शेपूट त्यात गेलं.

काकांनी शेपूट चिकटवलं, वरून घासलं, रंगवलं आणि सासूबाईंना आणून दाखवलं. "बगा वयनी, तुमची घडी दिसतेय कुटं?"

सदूकाकांचं सगळं आयुष्य रसायनीच्या कारखान्यात गेलं. तिकडे क्वार्टरमध्ये राहायचे, सुट्टीला घरी यायचे, भात लावणीला रजा टाकायचे. रिटायर होऊन गावी आले तेव्हा आम्हाला वाटलं, आता हे पारावर बसतील, नाहीतर निवडणुकीला उभे राहतील. यांनी धरली जपानी अवकाशयानं! खोक्यातून सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. ही यानं जपानमधल्या कुठल्याशा मालिकेतली आहेत. ती मालिका काकांनी पाहिली आहे का? मुळीच नाही. "बगायची कशाला? मला जोडायचंय."

मला लोक चौकस म्हणतात. म्हणजे पाठीमागे भोचक म्हणतात, तोंडावर चौकस. पण शेजारी साठी उलटलेला माणूस डोळ्याला भिंग लावून नखाएवढ्या तोफेला रंग देतोय आणि मी माझी भाकरी थापत बसू? शक्यच नाही. न राहवून एक दिवस मी त्यांच्या घरात शिरले आणि सगळी यानं पाहून आले. काकूंच्या काचेच्या कपाटात, जिथे पूर्वी पाहुण्यांच्या कपबश्या असायच्या, तिथे ती ओळीने मांडलेली होती. काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मधला अख्खा कप्पा मात्र रिकामा होता.

"इथे काय येणार?"

"मोठं यान. ही सगळी बारकी त्याच्या पोटातून सुटतात."

"मग आणा की!"

"मिळत नाय गं वंदे. लायसनचा मामला हाय."

काकांनी मोबाईल उघडून मला दुकानाचं पान दाखवलं. हा माल आपल्या देशात पाठवता येत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. मी म्हटलं, हे काय भलतंच! प्लॅस्टिकचं खेळणं आहे, बॉम्ब आहे का? तेव्हा काकांनी मला जे समजावलं ते अख्ख्या गावाला पाठ आहे, कारण त्यांनी ते प्रत्येकाला समजावलंय.

"आपली होळी पेटवायचा मान कोणाचा? पाटलांचा. तुज्या घरी काडेपेटी हाय म्हणून तू पेटवशील काय? नाय. तसंच हाय हे. यानाची मूळ मालकी मालिकावाल्यांची. त्यांनी खोकी बनवणाऱ्याला मान दिला, पण मोठ्याचा फकस्त जपानपुरता. बाहेरचा मान दुसऱ्याच कोणाला देऊन ठेवला. आता तो दुसरा ना बनवतो, ना विकतो, नुसता मान घेऊन बसलाय."

"आणि पहिला?"

"पहिल्याची लय इच्छा हाय. पण वेशीबाहेर त्याचा मान नाय."

कुठल्या वकिलाने मला इतकं सोपं करून सांगितलं नसतं. त्या दिवसापासून कशेळ्यात लायसनचा मामला सुरू झाला. कर्जतहून यष्टी आली नाही की काका म्हणणार, "लायसन नाय तिला आज." लाईट गेली, लायसन. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलं तेव्हा श्रीखंडाची वाटी काकांनी त्यांच्या पुढ्यातून उचलली आणि म्हणाले, "तुजं लायसन जपानपुरतंच." आता जीपवाले पोरगेसुद्धा पुढची सीट नाकारताना तेच म्हणतात.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. ती सवय काकांनी घरी आणली. पाटावर पक्कड, चिमटा, कानस, घासायचा कागद मांडतात, झेंडू वाहतात, नारळ फोडतात. एका वर्षी हळदीचं बोट नव्या कोऱ्या पांढऱ्या यानाच्या पंखाला लागलं. पुसलं तर आणखी पसरलं. मी हळहळले. काका मात्र खूश! "हळद लागली याला. आता घरातच ऱ्हाऊ दे, लगीन होईपर्यंत बाहेर काढायचा नाय." ते यान आजही पिवळ्या पंखाने कपाटात उभं आहे.

काकांचा एकुलता एक मुलगा नितीन कॅनडात असतो. दर रविवारी दिवेलागणीला त्याचा व्हिडिओ कॉल येतो. काका स्पीकर लावून मोबाईल तांब्याला टेकवून ठेवतात आणि आवाज कॅनडापर्यंत न्यायचं काम जणू त्यांच्यावरच आहे अशा बेताने बोलतात, त्यामुळे आमच्या आळीला दोन्ही बाजू ऐकू येतात. विषय एकच. मोठं यान. नितीनने तिकडच्या दुकानात विचारलं, नाही म्हणाले. कुठल्या जत्रेत जुनी खोकी विकायला येतात, तिथे जाऊन आला, नव्हतं. मग इंजिन कसं असेल, आतले दिवे लागतील का, रंग कुठला लावायचा. तासभर चालतं! मला ऐकून भरून यायचं. बिचारे बापलेक, एका खोक्यासाठी दोघं किती वणवण करतायत.

मी एकदा म्हटलंसुद्धा, "काका, जपानला जाणारं कोणी बघू का?"

"नको गं. उगाच कोणाला तरास."

"त्रास कसला?"

"नको म्हटलं ना! मिळंल तवा मिळंल."

काका असे कधी खेकसत नाहीत. मला वाटलं, भिडस्त माणूस आहे, आपणच काहीतरी करायला हवं. माझी हीच खोड, नको म्हटलं की मला हुरूप येतो. माझ्या मामेभावाला कंपनीने ट्रेनिंगला जपानला पाठवलं तेव्हा मी त्याला बाकी काही आणायला सांगितलं नाही. ना साबण, ना चॉकलेट. खोक्याचा फोटो पाठवला आणि बजावलं, हे आणल्याशिवाय घरी येऊ नकोस. तिकडे म्हणे दुकानात थप्पीच लागलेली होती.

परवाच्या रविवारी मी कर्जतला जाऊन त्याच्याकडून ते खोकं घेतलं. परत येताना जीपमध्ये बाळंतिणीसारखी जपून बसले, खोकं मांडीवर. सासूबाईंना हाक मारली, निरांजन घेतलं, पेढे घेतले आणि वाजतगाजत काकांच्या दारात उभी राहिले.

"काका, डोळे मिटा!"

काकांनी मिटले नाहीत. त्यांनी खोकं पाहिलं आणि हातातला ब्रश तसाच धरून खाटेवर बसले. मला वाटलं, आनंदाने. मी ओवाळलं. सासूबाईंनी पेढा पुढे केला, तो त्यांनी घेतला पण तोंडात घातला नाही.

"नित्याला सांगितलंस काय?" त्यांनी विचारलं.

"छे! ते तुम्हीच सांगायचं. येईलच आता त्याचा फोन."

काकांनी मोठा श्वास सोडला. "मग सांगू नको."

सासूबाईंनी माझ्या हातातलं निरांजन काढून घेतलं. काका खोक्यावरून हळूच हात फिरवत बोलले, तेही कधी नव्हे ते हळू आवाजात.

"मी रसायनीला असायचो. पोरगा आयशीपाशी वाढला. रिटायर होऊन आलो तरी त्याचा फोन आला की मी म्हणायचो, बरा हायस ना? थांब, आईला देतो. बस, एवढंच बोलायचो. ती गेली. पयला फोन आला, मी म्हटलं, बरा हायस ना? तो म्हणाला, हो. मग दोघंबी गप. फोन कोणाला देऊ, वंदे? द्यायला कोणी नाय. त्यानं कॉलेजात असताना एक यान अर्धं सोडलेलं. ते काढून बसलो. एक पाय उरला. फोन करून विचारलं, ह्यो कुटं लावायचा? त्या दिवशी पोरगा पयल्यांदा माज्याशी एवढा बोलला. तवापास्नं हे चाललंय. हे मोठं मिळालं की सगळी पुरी होतात. मग म्या काय विचारायचं त्याला?"

एवढी कान देऊन ऐकणारी मी, दर रविवारी तासभर ऐकत होते, आणि मला यान सोडून काही ऐकूच आलं नव्हतं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात तांब्याला टेकवलेला मोबाईल वाजू लागला.

काका गडबडले. खोकं उचलून खाटेखाली सरकवायला गेले, पण ते एवढं मोठं की आत जाईना. फोन वाजतोय, खोकं अडकलंय, सासूबाई निरांजन घेऊन उभ्या. मी पुढे झाले, काकांच्या हातातून खोकं काढून भिंतीशी ठेवलं आणि त्याच्यापुढे पदर पसरून ऐसपैस मांडी घातली. माझ्या आडव्या अंगकाठीचा आयुष्यात पहिल्यांदा कोणाला उपयोग झाला.

काकांनी फोन घेतला.

"बरा हायस ना? ... नाय रं, कुटलं मिळतंय! तू त्या जुन्या दुकानवाल्याला विचारणार हुतास ना? ... बंद हुतं? बरं, पुढल्या टायमाला बग. ... तू न्ह्यारी केलीस काय? आवाज बसलाय तुजा. थंडी पडली काय तिकडं?"

यानाच्या गप्पांत मधेच थंडी आली, मग नितीनचा खोकला आला, मग आलं घालून चहा कसा करायचा ते आलं. मी हललेही नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या.

"मागे कोण बसलंय, वंदनाताई का?" नितीनने विचारलं. "ताई, तुमच्या इतक्या ओळखी. तुम्हाला कुठे मिळालं ते यान तर सांगा हं."

काका माझ्याकडे बघत होते. पदर नीट पसरून घेत मी म्हटलं, "कुठलं मिळतंय रे! लायसनचा मामला आहे. तूच शोध, आणि दर रविवारी सांगत जा."