बाकी एक

एका जंगलात, बाळांनो, मोजून दोन हजार पाचशे एकवीस प्राणी होते. सिंहमहाराज धरून.

महाराजांच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून संचलन ठरलं. हुकूम एवढाच, की रांगा सारख्या हव्यात. शेजारच्या जंगलातले वाघ बघायला येणार होते, त्यांच्यासमोर शोभा व्हायला नको.

तालीम सुरू झाली. महाराज दुपारी झोपत, म्हणून पहिल्या रांगेत त्यांच्या जागी एक ओंडका उभा केला. येताजाता सगळे त्यालाही मुजरा करत.

सगळ्यांत शेवटी असायची शेवंता साळिंदर. तिच्या काट्यांमुळे तिच्या आसपास कुणी फिरकत नसे. तिला मात्र संचलनात चालायची भारी हौस. महिनाभर ती बिळात डावा-उजवा, डावा-उजवा करत होती.

दोन-दोनच्या रांगा केल्या. शेवंता उरली. तीन-तीनच्या केल्या. शेवंता उरली. मग चार, पाच, थेट दहापर्यंत सगळं करून झालं. दर वेळी घुबडमास्तर ओरडत, "बाकी एक!" आणि सगळे शेवंताकडे असे बघत, जणू ही संख्या तिनेच घरून आणली होती.

"महाराज, संख्याच हट्टी आहे," घुबडमास्तर म्हणाले. "एकाने भाग जातो, नाहीतर तिचा तिनेच. दुसऱ्या कुणाला दाद देत नाही. अविभाज्य!"

"अहो, माझी प्रजा अविभाज्य आहे, हे मीच भाषणात म्हणालो होतो. उपाय सांगा."

"सगळ्यांची मिळून एकच रांग. नाहीतर प्रत्येकाची वेगळी."

"त्यापेक्षा एक कमी करा की!"

कोणता एक, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. शेवंताचं नाव खोडलं. दोन हजार पाचशे वीसला दोनापासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग गेला. घुबडमास्तरांना शाल मिळाली. शेवंता बिळात जाऊन ढसाढसा रडली. मला तर तिचं फार वाईट वाटलं.

संचलनाच्या दिवशी वाघ आले. महाराज मानवंदना घ्यायला मंचावर चढले. दहा-दहाच्या रांगा निघाल्या, तर शेवटच्या रांगेत नऊच! घाईघाईने नऊ-नऊच्या केल्या. शेवटी आठ. आठ-आठच्या केल्या, तर सात. वाघ मिशीत हसायला लागले.

"ओंडका आणा!" महाराज गरजले.

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात, महाराज. मंचाला लाकूड कमी पडलं होतं."

शेवटी शेवंताला बोलावणं गेलं. बिचारी धावतच आली. पण तिच्या शेजारी उभं राहायला कुणी तयार होईना. अस्वलाची पाठ दुखायला लागली. सशाला एकदम घरची पोरंबाळं आठवली.

"मास्तर," शेवंता म्हणाली, "एकट्याने उभं राहायची जागा इथे एकच दिसतेय. आणि मला तर सवयच झालीय."

सगळ्यांनी मंचाकडे पाहिलं. महाराजांनी वाघांकडे पाहिलं. मग ते गुपचूप खाली उतरले आणि शेवटच्या रांगेत दहाव्या जागी जाऊन उभे राहिले.

दोनशे बावन्न रांगा, एकही वाकडी नाही! शेवंताने झोकात मानवंदना घेतली. वाघ जाताना म्हणाले, "राणीसाहेबांचा मुकुट फारच टोकदार आहे हो."

तात्पर्य: बाळांनो, हिशोब कितीही चोख केला तरी एक जण उरतोच. तो जमिनीवर असला तर त्याला 'बाकी' म्हणतात आणि ओंडक्यावर असला तर 'महाराज'. तेव्हा गणित आलं नाही तरी चालेल, ओंडक्यावर लक्ष ठेवा.